कंटाळा आला की

निवृत्त होऊन सात महिने झाले होते. रिकाम्या वेळेचा मला इतका वैताग यायचा की घरात सगळ्यांवर खेकसायचो. अशात एकदा मुरबाडहून शहापूरला जाताना स्कूटर पंक्चर झाली. गॅरेजवाला चाक घेऊन गेला आणि मी रस्त्याकडेच्या एका खळ्याशी बसून राहिलो.

खळ्यात भात वाळत घातलं होतं. राखणीला एक म्हातारी होती, हातात कोंबड्या हाकायची काठी. मध्येच ती उठायची, अनवाणी पाय घासत भातातून रेघा ओढत जायची आणि परत येऊन बसायची.

"दिवसभर हेच? कंटाळा नाही येत, मावशी?"

"येतो ना. आला का उठायचा न् भात परतायचा. तो नाय आला तं मी बसूनच रेन, न् भात खालून वलाच." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमाला लय आलेला दिसतो. काढा चपला."

काढल्या. वरून खडखडीत दिसणारं भात तळव्यांना चक्क दमट लागलं. चाक आलं तेव्हा माझी तिसरी फेरी चालू होती.

तिचं नाव विचारायचं राहिलं. उपकार मात्र रोज आठवतात. आता कंटाळा आला की मी खेकसत नाही, उठतो. बायको विचारते, "कुठे निघालात?"

"भात परतायला."