काळ्या काड्यांची पिशवी

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये जनावरांच्या सुक्या चाऱ्याची तपासणी होते. नमुना म्हणून लोक निवडून निवडून पिवळीधमक मूठ आणतात. जोगेश्वरीच्या तबेल्यातून आलेल्या त्या मावशींच्या पिशवीत मात्र काळ्या पडलेल्या काड्याही होत्या. गंजीत खोल हात घालून त्या काढल्यामुळे मावशींच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे उठले होते.

"काळं काढून टाका मावशी, रिपोर्ट झकास येईल," मी म्हणालो.

"अरे, म्हैस काय रिपोर्ट खाते?" त्या हसल्या.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. चाऱ्यात कस जवळजवळ नव्हताच. तो घ्यायला आलेल्या मावशींनी लॅबमधूनच मुलाला फोन लावला. "दूध आटलं त्यात म्हशीचा दोष नाय रे, चाराच खराब होता. त्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग. आपल्याला ती विकायची नाय!"

वाईट रिपोर्टवर इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.