तांड्यावरचं माहेर

परदेशी माणसं सुट्टीसाठी घर घेतात ती गोव्यात, नाहीतर समुद्र दिसेल अशा कुठल्यातरी जागी, एवढी अक्कल मलाही होती. आमच्या कळमनुरी तालुक्यात बघायला काय, तर तुरीचं रान आणि त्याच्या पलीकडे पुन्हा तुरीचंच रान. इथे कुणी साता समुद्रापलीकडून येऊन घर बांधेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते घडलं. आणि त्या घरापायी तहसील कचेरीत माझ्या तोंडून जे बोललं गेलं, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून पुरता उतरलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी कळमनुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माहेर आखाडा बाळापूरचं, वडील देवळात पूजेला. एक दिवस वारंगा फाट्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा एक शेतकरी मला शोधत शाळेत आला. त्याची पोरगी माझ्याच वर्गात होती.

"बाई, आमच्याकडं एक मडम येऊन राहिली," तो म्हणाला. "ती काय बोलते ते आमाला कळंना, आमी काय बोलतो ते तिला कळंना. पर दोगंबी बोलून राहिलो. तुमी जरा येता का?"

गेले. मडम म्हणजे साठीकडे झुकलेली, इंग्लंडमधल्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली बाई. बंजारा बायकांचं भरतकाम शिकायला आली होती. सोबत नवरा, उंच, भिडस्त, आमच्या उन्हाने लालबुंद झालेला. चार दिवसांसाठी आलेली ती दोघं महिनाभर राहिली आणि मग दर हिवाळ्याला यायला लागली. फाट्यावर बसमधून उतरायचं, मिळेल त्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि तांडा गाठायचा. फाट्यावरचे भजीवालेसुद्धा त्यांना ओळखायला लागले होते.

तांड्यावर चहा झाला की पहिला कप मडमला. पाहुण्याला आधी, घरच्यांना मागून, हा तिथला रिवाज. आमच्याकडेही तोच आहे म्हणा. ती बिचारी दर वेळी तो कप दुसऱ्या कुणाला तरी द्यायला बघायची आणि दर वेळी सगळे हात मागे घ्यायचे.

एका हिवाळ्यात त्या शेतकऱ्याच्या बायकोला ताप भरला. साधासुधा नव्हे, शुद्ध हरपेपर्यंतचा. मडमने तिला जीपमध्ये घातलं, नांदेडच्या दवाखान्यात नेलं आणि ती उठून बसेपर्यंत तिची खाट सोडली नाही. तिचे केस विंचरले, अंग पुसलं, शौचाचं भांडंसुद्धा स्वतः उचललं. घरची सून करताना दहादा विचार करील अशी कामं.

शेतकऱ्याला सख्खी बहीण नव्हती. बायको घरी परतली तशी त्याने नाईकाकडे बैठक मागितली. नाईक म्हणजे तांड्याचा मुखिया, त्याचा शब्द तांड्यापुरता कोर्टाच्याही वर. लिंबाखाली सगळे जमले. शेतकऱ्याने मडमच्या डोक्यावर आरशांची ओढणी घातली, तिच्या तोंडात गूळ घातला. नाईक म्हणाला, "आजपासून ही या तांड्याची लेक. कोनी परकी म्हनायचं न्हाई."

मी इंग्रजीतून सांगितलं. मडम रडली, तिचा नवरा रडला, आणि खरं सांगायचं तर मीही नाक पुसलं.

त्या दिवसापासून तो तिला 'मडमताई' म्हणायला लागला. तिच्या नवऱ्याची मात्र पंचाईत झाली. बायको तांड्याची लेक झाली म्हणजे हा झाला जावई! त्याला शेतात काम करायची भारी हौस. पण त्याने खुरप्याला हात लावला रे लावला की कुणीतरी धावत येऊन ते काढून घ्यायचं. जावयाने निंदण केलं तर तांड्याची अब्रू जाणार! शेवटी तो दिवसभर बाजेवर बसून बोरं चघळायचा आणि हताश चेहऱ्याने हसायचा. चहाचा पहिला कपही आता त्याच्याकडे गेला. मडमताईला चहा मिळायचा सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, बायकांबरोबर, उरलेल्या कपात. कधी कप संपले तर बशीत. मला भेटली की एखाद्या पोरीसारखी टाळी वाजवून सांगायची, "आज मला सगळ्यात शेवटी चहा मिळाला!" बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

आता बहीण म्हटली की माहेर आलंच. शेतकऱ्याने आपल्या रानाचा रस्त्याकडचा कोपरा तिला दिला. पैसे त्या दोघांचे, हात तांड्याचे. विटांच्या भिंती, वर पत्रे, पुढे ओसरी आणि ओसरीवर मडमने स्वतः भरलेला पडदा. ती आपल्या मैत्रिणींना सांगायची, "भारतात आमचं सुट्टीचं घर आहे." तांडा म्हणायचा, मडमताईचं माहेर.

माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं, "कागद केला का?" मी तो प्रश्न शेतकऱ्याकडे पोचवला तर तो खो खो हसला.

"बहिनीसंगं कागद? काहून? नाईकासमोर झालंय, बाई."

हे ऐकून वडील म्हणाले, "मानलेल्या नात्याला सात-बारा नसतो." मला ते बोलणं तेव्हा अगदी रुक्ष वाटलं होतं.

पुढे परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, साहेब बदलले, घर मात्र सुखात होतं. मग एका हिवाळ्यात जावईबापू आले ते काठी टेकत, थकलेले. शेतकऱ्याच्या मनात काळजी शिरली. आपल्यामागे आपल्या पोरांनी आत्याला घराबाहेर काढलं तर? सरळमार्गी माणूस सरळ मार्गच धरणार. तो उठला आणि तलाठ्याकडे गेला.

"सात-बाऱ्यावर माझ्या बहिनीचं नाव लावा."

तलाठी म्हणाला, "कोणती बहीण? तुला बहीण कुठाय?"

"हाय की. इंग्लंडात दिलेली."

हे मला त्या तलाठ्यानेच नंतर सांगितलं. हसून हसून त्याला म्हणे ठसका लागला. पण हसू ओसरल्यावर त्याने आपलं काम केलं आणि वर कळवलं. कारण ती जमीन सीलिंगची होती. शेतकऱ्याच्या बापाला सरकारकडून मिळालेली, परवानगीशिवाय विकायची नाही, द्यायची नाही, या शर्तीवर. दिली तर शर्तभंग, आणि शर्तभंग झाला की सगळं रान सरकारजमा. त्यात परदेशी माणसाला शेतजमीन घेताच येत नाही. म्हणजे प्रेमाने दिलेल्या एका कोपऱ्यापायी त्याचं अख्खं रान जाणार होतं. तहसीलची नोटीस आली, ती मी दोनदा वाचली. चोरी नाही, लबाडी नाही, कुणाला फसवलं नाही, आणि गुन्हा मात्र पुरता!

हिंगोलीच्या वकिलाकडे आम्ही सगळे गेलो. वकील भला माणूस. त्याने सरळ सांगितलं, "वाट एकच. घर तुझं, जमीन तुझी, ही बाई नुसती पाहुणी, असं दोघांनी तहसीलदार साहेबांसमोर सांगा. बहीणबिहीण काही नाही. मग जमीन कुणाला दिलीच नाही असं होईल."

"ते न्हाई जमायचं," शेतकरी म्हणाला. "नाईकासमोर गूळ घातला तिच्या तोंडात. मी कसा पलटू?"

"अरे, रान जाईल तुझं. पोरं काय खातील?"

"जाऊ द्या."

मी सगळं मडमताईला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, ही पण त्याच्याच वळणाची. भाऊ-बहीण दोघं मिळून रान घालवणार. रागच आला मला दोघांचा.

तहसील कचेरीत तारखेला नाईक आला होता, शेतकऱ्याची बायको आली होती, जावईबापू बाकावर काठी धरून बसले होते. दुभाषी म्हणून साहेबांनी मलाच उभं केलं. आधी शेतकऱ्याला विचारलं.

"ही बाई तुमची कोण?"

"बहीन."

"घर कुणाचं?"

"तिचंच हाय, साहेब. तिचं माहेर हाय ते."

वकिलाने डोळे मिटले. साहेबही बरा माणूस असावा. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "नीट विचार करून बोला. मी हे लिहिलं की तुमचं रान गेलं."

"लिवा साहेब. खोटं कसं बोलू?"

साहेबाने सुस्कारा सोडला आणि मडमताईकडे वळून मला म्हणाला, "यांना विचारा, हा तुमचा कोण?"

मी विचारलं. ती उठून उभी राहिली. ओढणी त्या दिवशी डोक्यावर नव्हती, ते मला तेव्हाच दिसलं. तिने शेतकऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. वर्गात शिकवावं तसं सावकाश, स्पष्ट बोलली. तिचं बोलणं संपलं तरी मी जागच्या जागी नुसती उभी. साहेब म्हणाला, "बाई, सांगा ना."

आणि मी सांगितलं. माझ्या तोंडाने, माझ्या मराठीत, त्या भरल्या खोलीत. "हा माझा भाऊ नाही. या देशात सगळे सगळ्यांना बहीण म्हणतात, तो फक्त शिष्टाचार. मी याची कोणी नाही. घर याचं आहे. मी पैसे देऊन काही घेतलेलं नाही. मी पाहुणी म्हणून राहिले, आता राहणार नाही."

शेतकऱ्याच्या बायकोने तोंडावर पदर दाबला. नाईक उठला आणि बाहेर निघून गेला.

साहेबाने भराभर लिहून घेतलं. जमीन दिल्याचं सिद्ध होत नाही, शर्तभंग नाही, रान शेतकऱ्याचंच. मडम आणि तिच्या नवऱ्याने व्हिसाच्या मुदतीत देश सोडावा असं त्याने वर कळवलं, पुन्हा व्हिसा मिळेल असं दिसत नव्हतं. वकिलाने माझ्याकडे बघून मान हलवली. जिंकलो होतो आम्ही, पण मला मात्र कुणीतरी कानशिलात भडकावल्यासारखं झालं होतं.

बाहेर आलो तसा शेतकऱ्याने मला बाजूला घेतलं. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"बाई, एक विचारू? ते तुमी बोलल्या का ती बोलली?"

त्याच्या डोळ्यांत मला ती आशा दिसली. रान वाचवायला शाळेच्या बाईनेच काहीतरी पदरचं घातलं असेल, अशी. मी हो म्हणावं म्हणून तो उभा होता. पण तो दिवसभर खरं बोलला होता. त्याच्यासमोर मला खोटं बोलता आलं नाही.

"तीच बोलली," मी म्हणाले. "तुमच्या रानासाठी बोलली, दादा. तुमच्या लेकरांसाठी."

"ते कळतंय की," तो म्हणाला. "बराबर हाय. बराबरच केलं तिनं. पर नाईकासमोर बोलली, बाई. दहा मानसांत."

मडमताई कचेरीच्या पायरीवर बसली होती. आता तिचे डोळे वाहत होते, आणि नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. शेतकरी समोरच्या टपरीवर गेला. सगळ्यांसाठी चहा सांगितला, स्वतः ताटली हातात घेतली आणि आमच्याकडे आला. सवयीने जावईबापूंनी हात पुढे केला. शेतकरी त्यांच्यासमोर थांबला नाही. वकिलाला ओलांडून, मला ओलांडून तो पायरीपाशी गेला, वाकला आणि ताटलीतला पहिला कप त्याने तिच्यापुढे धरला.

"घ्या, मडम," तो म्हणाला.

तिला मराठी फारशी कळत नव्हती. पण ते कळलं. ती दोन्ही हात मांडीवर धरून त्या कपाकडे बघत बसली आणि चहा निवत गेला.