टाकीनंतरचं पहिलं दळण

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. कोहक्याच्या बाजूला, मजुरांच्या कॅम्पातल्या झोपड्यांना लागून आमची पिठाची चक्की होती. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. शेती भावांवर सोडून आमचे हे इथं आले आणि सगळे कारखान्यात चिकटत असताना चक्की घालून बसले. म्हणायचे, "लोखंड निघंल तवा निघंल. भाकर तं रोज लागते."

चक्की विजेवर चालायची आणि वीज महा लहरी. म्हणून यांनी कुठूनसं जुनं डिझेल इंजिन आणलं, जादा पट्टा आणला, डिझेलचा डबा भरून ठेवला. अख्खा कॅम्प हसला. मीही हसले. "चक्की लढाईवर चालली का?" असं विचारलं, तर म्हणाले, "एक दिवस बंद पडली का गिऱ्हाईक दुसरीकडं जाते. मंग वापस येत नाई."

एवढ्यावर थांबतील तर ते आमचे हे कसले! मलाही सगळं शिकायला लावलं. हँडल मारायचं, पट्टा चढवायचा, टाकी लावायची. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं टोचून पुन्हा खरबरीत करायचे, ती टाकी. माझे हात सोलून निघायचे आणि मी जाम चिडायचे.

"मले कावून शिकवून राहिले? तुमी हाये ना!"

"आज हावो. अन् ध्यानात ठेव, टाकी लावल्यावर पयलं दळण फेकाचं. त्यात दगडाची कच ऱ्हायते."

हे त्यांनी शंभरदा तरी सांगितलं असेल.

एका संध्याकाळी ते टाकी लावून उठले, हातपाय धुतले, जेवले, झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

दुपारपर्यंत माणसं त्यांना पोचवून परत आली. मी भिंतीला टेकून बसले होते. बायका म्हणत होत्या, रडू द्या तिला. पण रडायला आत काही सापडतच नव्हतं. खुंटीवर त्यांचा सदरा होता, त्याला पीठ लागलेलं होतं. ते झटकायला हवं, एवढंच मनात येत होतं.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी करून आणतात, त्याला कडू घास म्हणतात. इथं कुठले सोयरे? कॅम्पातल्या बायकाच उठल्या. पण वीज सकाळपासून गेलेली, दुसरी चक्कीही बंद, कोणाच्या घरी मूठभर पीठ नाही. ज्वारीचे डबे घेऊन त्या दाराशी कुजबुजत उभ्या होत्या. शेवटी शेजारची म्हातारी बोलली, "बाई, भाकरी कराले पीठच नाई वं."

मी उठले.

"सुतकात?" एक जण म्हणाली.

"चूल पेटवाची नाई म्हणते," म्हातारी म्हणाली. "चक्कीचं कोणी सांगतलं नाई."

तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. पट्टा चढवला. सगळ्यात आधी म्हातारीची ज्वारी ओतली, मग एकेकीची. हात आपले आपण चालत होते. कसल्या काळजाची बाई ही, असं कोणी म्हणालंही असेल. मला ना लाज वाटली, ना दुःख. चक्की त्या दिवशीही बंद पडली नाही.

संध्याकाळी म्हातारी भाकर घेऊन आली. पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकच लागली. पहिलं दळण फेकायचं राहून गेलं होतं. शंभरदा सांगितलेली तेवढी एकच गोष्ट मी विसरले होते.

तिलाही कळलं असावं. तिनं हात पुढं केला. "थुंक बाई, कच हाये."

मी नाही म्हणून मान हलवली. ती कच त्यांनी आदल्या संध्याकाळी टोचलेल्या दगडाची होती. घास गिळला, दुसरा तोडला, आणि भाकर संपेपर्यंत चावत राहिले.