खाटकाच्या बायकोचं ऑपरेशन

त्या खोऱ्यात सागिनआलीच्या सुरीखालून न गेलेली मेंढी सापडणं कठीण. लग्न असो, बारसं असो, मयत असो, आधी बोलावणं जायचं ते सागिनआलीला. हात इतका हलका की जनावराला कळायच्या आत काम तमाम. तोंड मात्र हलकं नव्हतं. यजमानाची मेंढी रोडकी निघाली, तर भर पाहुण्यांत म्हणायचा, "ही कापायची का हिला आधी जेवायला घालायचं?"

असा हा गडी बुरुलचाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोक्यात गाठ निघाली तेव्हा पार ढासळला. तिचं डोकं वर्षभर दुखत होतं. मग डावा डोळा मंदावला, आणि सकाळी उठली की उलट्या सुरू. राजधानीतल्या, बिश्केकच्या, सर्जनने सांगितलं, "गाठ कर्करोगाची नाही, पण रक्ताने गच्च भरलेली आहे. काढताना रक्त फार जाईल. तुमची माणसं आणा रक्त द्यायला. तुम्ही द्याल तेवढं आमच्या रक्तपेढीतून मिळेल." रक्त किती आणि कसं जातं हे सागिनआलीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भावकी मात्र सोन्यासारखी. दोन मिनीबस भरून लोक खोऱ्यातून खाली उतरले आणि राजधानीत मेव्हण्याच्या, ऐतबायच्या, घरी मुक्कामाला आले. आता इतकी माणसं आपल्या बायकोसाठी रक्त द्यायला आली, आणि त्यांना चहापाव देऊन झोपवायचं? खाटकाच्या घरची रीत आहे का ही! सागिनआलीने संध्याकाळी मेंढा पाडला, चांगला चरबीदार, शेपटाला चरबीचा गोळा लोंबणारा. शेपटाच्या चरबीचे जाड जाड काप त्याने आपल्या हाताने एकेकाच्या तोंडात भरवले. "खा रे, उद्या रक्त द्यायचंय, अंगात काही नको का?"

सकाळी रक्तपेढीतल्या नर्सने पहिल्याचा नमुना यंत्रात फिरवला आणि नळी उजेडात धरली. रक्तावर पांढरं दूध तरंगत होतं. दुसऱ्याचं तसंच, तिसऱ्याचंही तसंच.

"काल काय खाल्लंत?" नर्स ओरडली. "हे रक्त आहे की शोरबा? रक्त द्यायच्या आदल्या दिवशी चरबी खायची नसते, एवढं कुणी सांगितलं नाही?"

सगळी भावकी सागिनआलीकडे बघायला लागली. ऐतबाय म्हणाला, "दाजी, प्रेमाने मारलंत की हो आम्हाला!" रक्त चाललं फक्त ऐतबायच्या दोन सुनांचं. त्या रात्री पाहुण्यांना वाढत राहिल्या होत्या. सगळ्यांचं आटोपून त्या बसल्या तेव्हा ताटात हाडंच उरली होती, म्हणून चहात पाव बुडवून निजल्या. पिशव्या मिळाल्या त्या दोनच.

सागिनआली भिंतीला टेकून खाली बसला. आयुष्यभर दुसऱ्यांना जेवू घातलं आणि ऐन वेळी त्याच हाताने बायकोचा घात केला, असं त्याला वाटलं. त्यात बुरुलचा सकाळपासून गुंगीत होती, हाक मारली तर उशिराने ओ देत होती. ऑपरेशन पुढे ढकलायची सोय नव्हती.

भूल देणारी डॉक्टर चोल्पोनाय त्याच्याजवळ येऊन उकिडवी बसली. मुलगीच म्हणायची, त्याच्या धाकट्या लेकीच्या वयाची. "काका, पेढीत आणखी मागितलंय, मिळेल तेवढं मिळेल. पण एक औषध आहे. जखम झाली की शरीर रक्ताची गुठळी धरतं, खरं ना? मग तेच शरीर ती गुठळी विरघळवायलाही लागतं. हे औषध तिला विरघळू देत नाही. रक्त जाणारच, पण कमी जावं अशी आशा आहे. काकूंच्या पायात वगैरे कधी गुठळी झाली होती का?"

"नाही. कुठलं औषध? रक्त थांबवणारं? पोरी, मी खाटीक आहे. मला शिकवतेस?"

"थांबवणारं नाही हो. धरून ठेवणारं."

बुरुलचाला आत नेलं. भावकीतलं कुणी प्रार्थना म्हणत होतं, कुणी शेपटाच्या चरबीला शिव्या देत होतं.

दुपार कलल्यावर चोल्पोनाय बाहेर आली. टोपीखाली केस घामाने चिकटले होते. "काका, झालं. सुनांच्या दोन्ही पिशव्या फ्रीजमध्येच आहेत, लागल्याच नाहीत."

सागिनआली ताडकन उठला. "म्हणजे कापलंच नाहीत! उघडलंत, बघितलंत, हात टेकलेत आणि शिवून टाकलंत! मला गंडवता? डोकं उघडायचं आणि रक्त लागायचं नाही? सात पिढ्यांत असं कुणी पाहिलं नाही!"

"काढली, काका. सगळी काढली. रक्त गेलं की, पण बाहेरून द्यावं लागेल इतकं नाही. सर्जनचा हात आणि हे औषध, दोघांनी मिळून सांभाळलं." तिने खिशातून एक रिकामी कुपी काढली. तळाशी एक थेंब होता, पाण्यासारखा.

सागिनआलीने कुपी तळहातावर घेतली. ज्या हातांनी उभा जन्म रक्त वाहू दिलं, त्याच हातांत आता ती कुपी होती. "अल्ला," तो एवढंच म्हणाला. मग त्या पोरीपुढे मान खाली घालून ढसाढसा रडला. भावकीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. कुणाला थट्टा सुचली नाही, ऐतबायलासुद्धा.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. बुरुलचाचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, चेहरा सुजलेला.

"अहो," ती पुटपुटली, "जेवली का सगळी माणसं?"

"जेवली गं बाई. जेवलीच तर," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. जीव जातो तेव्हा डोळा कसा होतो ते त्याच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. तो घाईने वाकला आणि आपला गाल तिच्या नाकाशी नेला. दाढीच्या खुंटांवर तिचा श्वास लागला, ऊन ऊन. थांबला, आणि पुन्हा लागला. नर्स "चला, आता बाहेर व्हा" म्हणत राहिली, पण तो तसाच वाकून एकेक श्वास गालावर घेत राहिला.