कुंकवाची पिन

डीव्हीडी प्लेयर बिघडला म्हणून फोन केला की दिनूअण्णा नाव-पत्ता विचारायच्या आधी एकच प्रश्न टाकत, "चित्र रुसलंय, का आवाज?" दोन्ही म्हटलं की त्यांना आनंद व्हायचा. "मग बटणच चालू केलं न्हाईसा," असं ते ठणकावून सांगत आणि बहुतेक वेळा तेच खरं निघायचं.

शिवाजी पेठेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर जाऊन श्वास घ्यावा एवढी जागा. खिशाला स्क्रू-ड्रायव्हर असायचा, पण तो बाहेर काढायची त्यांना कधीच घाई नसे. आधी सगळ्या वायरी उपसायच्या, फुंकर मारायची, पुन्हा लावायच्या. चित्र काळंपांढरं दिसतंय? मग पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या भोकात गेली असणार. डिस्क अडकतेय? मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल पुसणाऱ्याला ते म्हणत, "डिस्क हाय ती, परात न्हवं!"

एकदा तालमीतल्या एका पैलवानाने आवाज गेला म्हणून त्यांना घरी बोलावलं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो, म्हणून सोबत होतो. अण्णांनी वायरी काढल्या, लावल्या, डोकं खाजवलं. मग पैलवानाकडे नीट बघून म्हणाले, "पैलवान, जरा उठा. आवाज तुमच्याखाली दबलाय." टीव्हीचा रिमोट खरंच त्याच्या मांडीखाली होता आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं गेलं होतं. त्या दिवशी आम्हाला पितळी पेल्यातून दूध मिळालं.

प्लेयरच्या मागच्या तीन पिना लोकांच्या लक्षात राहात नसत, म्हणून अण्णांनी त्यांना नावं दिली होती. पिवळी ती हळद, पांढरी ती तांदूळ, तांबडी ती कुंकू. "हळदीला हळद, तांदळाला तांदूळ, कुंकवाला कुंकू. झालं काम!" असं फोनवर सांगून ते कुणाचंही यंत्र चालू करून देत. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची. इंदूआत्याच्या घरी ती आमच्यावर उलटली.

आत्याचे यजमान, आमचे मामा, वर्षभरापूर्वी गेले होते. घरात त्यांचे फोटो भरपूर, पण आवाज मात्र एकाच ठिकाणी होता, मुलीच्या लग्नाच्या डीव्हीडीत. तिथे मामांनी माइक हातात घेतला होता. आत्या दर रविवारी ती डिस्क लावायची. पुढे घराला रंग दिला, तेव्हा वायरी निघाल्या. त्या कशा लावायच्या ते अण्णांनी तिला फोनवर सांगितलं. चित्र आलं, बँड वाजला, पण मामांचे नुसते ओठ हलत होते.

तिचा मला फोन आला. "ऐकून ऐकून मीच झिजवला रं त्येंचा आवाज," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी अण्णांना तसंच गाडीवर घालून नेलं.

अण्णांनी टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि सवयीने ओरडले, "वैनी, कुंकू लावलंच न्हाईसा की!"

आत्या खाली बघत म्हणाली, "तुमी फोनवर कुंकू म्हटलासा. माझा हातच उचलंना."

अण्णा बाहेर आले ते कपाळावर हात मारतच. "जीभ झडू दे माझी," म्हणाले आणि तिथेच फरशीवर बसले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "वैनी, आजपासनं ह्यो तांबडा रस्सा. ह्यो पांढरा. आन् पिवळी ती लिंबाची फोड. आता तरी लावा की!"

आत्याला हसू फुटलं. तिने स्वतः उठून तांबडी पिन आत दाबली. शूटिंगवाल्याने बँडचा आवाज पांढऱ्या पिनेच्या बाजूला आणि माइकचा तांबडीच्या बाजूला भरला होता, म्हणून एवढे दिवस मामा मुके होते. आता ते एकदम गरजले, "पावणं, लाजू नका! आरं, त्या कोपऱ्यात जिलेबी वाढा की!" आत्या रडत रडत हसत होती. अण्णांनी डोळे पुसले, मी वायरी बघण्याचं सोंग केलं.

त्या दिवसापासून अण्णांनी पेठेत सगळ्यांना तांबडा-पांढराच शिकवला. पुढे प्लेयर आणणारं कुणी उरलं नाही. दुकान बंद करून ते गारगोटीला शेतावर राहायला गेले. जाताना स्क्रू-ड्रायव्हर मला दिला आणि बजावलं, "आदी वायरी बघायच्या, ह्यो मागनं."

गेल्या महिन्यात आत्याने नवा टीव्ही घेतला. त्याला जुन्या पिनांची भोकंच नाहीत, म्हणून मी मधे जोडायची छोटी डबी आणली आणि अण्णांना फोन लावून तो समोर ठेवला. तिकडून आवाज आला, "लिंबू लागलं? पांढरा लागला? आता तांबडा..."

"तांबडा न्हवं, अण्णा," आत्या मधेच म्हणाली. पिन तिच्या हातात होती. "पैलंच नाव घ्या. त्यातनंच बोलत्यात त्ये."

मग अण्णा हळूच म्हणाले, "व्हय, वैनी. लावा कुंकू."