कापलेला कोपरा

आमच्या घरात कागद फेकायचा असेल तर माझी परवानगी लागते. साडीच्या खोक्यातला पुठ्ठा, पेढ्यांच्या डब्यातला सोनेरी कागद, भेटवस्तूंवरचे फुलाफुलांचे कागद, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावरची ती खोटी वाटावीत इतकी पांढरी बोंडं, जुन्या ब्लाउजच्या काठाची जर, असं सगळं माझ्याकडे तीन पेट्यांत भरून आहे. त्यातून मी शुभेच्छापत्रं करते. शाळेतून स्वेच्छेने निवृत्ती घेतल्यापासून तर जरा जास्तच करते. घाटंजीत माझ्या ओळखीचं असं घर नाही, जिथे माझं कार्ड पोचलं नाही. किती जणांनी ते जपून ठेवलं, हे मी विचारत नाही. एकदा एकीच्या घरी माझ्या कार्डावर गरम भाजीचा गंज ठेवलेला पाहिला. पुठ्ठा जाड होता, पातेलं छान बसलं होतं. पुढच्या वर्षी मी तिला पातळ कागदाचं कार्ड दिलं.

आमचे हे या नादाला फार विटलेले. वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत ते उरलेली पानं मांडीखाली दाबून बसतात. "मी मेल्यावर माह्यंही कापून कार्ड करशील तू," असं म्हणतात. मी म्हणते, "तुमच्यावर नक्षी कोठं आहे?"

पण या कात्रीने माझं एक मोठं नुकसान केलं, आणि ते मला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

माझी मोठी बहीण मुकुटबनला दिलेली. घरची शेती, कापूस, सोयाबीन, तूर, आणि घरात ऐंशीच्या पुढची सासू. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई शेतात जायची, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, वेण्या घालणं आणि धपाटे घालणं ही तिन्ही कामं ताईकडे होती. तिच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा पत्रिका इतकी देखणी होती की मी पाच जास्तीच्या मागून आणल्या. लाल मखमली कागद, त्यावर सोनेरी उठावाचा गणपती. तशा गणपतीवर कात्री न चालवणं मला शक्यच नव्हतं. दिवाळीला मी तो अलगद कापला, निळ्या नक्षीच्या कागदावर चिकटवला आणि कार्ड ताईलाच पाठवलं. मला वाटलं, लेकीच्या लग्नातला गणपती पाहून तिला भरून येईल.

ते कार्ड पोचलं आणि त्याच आठवड्यात ताईचा जावई मोटारसायकलवरून पडला. हात मोडला. ताईचा फोन आला. "माह्या लेकीच्या पत्रिकेले कैची लावली तुनं. गणपतीले कैची लावली!" मी म्हटलं, "ताई, ते रेतीवरून घसरले, माह्या कैचीवरून नाही." हे वाक्य खरं होतं, पण खरं बोलायची ती वेळ नव्हती. तिने फोन ठेवला. नंतर भाच्याकडून माझा नंबर ब्लॉक करून घेतला. जावयाचा हात महिन्या-दीड महिन्यात जुळला. आमचं मात्र अडीच वर्षं जुळलं नाही. लग्नाकार्यात भेट झाली तर ती पंगतीत दुसऱ्या टोकाला बसायची आणि मी दिसले की आमटीत पाहायची.

मला ताईशी बोलायचं होतं. बाकी जगात बोलायला माणसं भरपूर आहेत, माझ्या तोंडाला कधी सुट्टी नसते. पण ताई बोलत नाही म्हणजे घरातलं एक दार कायमचं बंद पडल्यासारखं मला वाटायचं. त्यात तिला साठ वर्षं पूर्ण होत आली. मी ठरवलं, आता एक कार्ड असं करायचं की ते पाहून दगडालाही पाझर फुटावा.

या वेळी पत्रिकेचा कपटासुद्धा घ्यायचा नाही, अशी शपथ घेतली. यवतमाळला जाऊन नवाकोरा कागद आणला, हिरव्यावर बारीक पिवळी बुट्टी. आईच्या एका जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी होती, ती कडेने लावली. मधे टिकल्यांची तुळस केली. आठ दिवस मान मोडून बसले. आत चार शब्द लिहिले, ते मात्र लगेच सुचले. पाकीटही त्याच कागदाचं केलं. सगळं झालं, वाळत ठेवलं, आणि ह्यांनी त्यावर लोणच्याची वाटी ठेवली.

तेलाचा डाग फक्त कोपऱ्याला पडला होता, पण कार्डातून पाकिटापर्यंत गेला होता. मी ह्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग डोकं शांत केलं आणि दोन्हींचा तो कोपरा कात्रीने तिरका, सफाईदार कापून टाकला. पाकिटाची उघडी पडलेली कड चिकटवली. डाग गेला, शिवाय काहीतरी वेगळंच, फॅशनचं दिसायला लागलं. मला तर ते आधीपेक्षा जास्त आवडलं. पत्ता घातला, तिकीट लावलं, पोस्टात टाकलं.

आता ज्यांचं सगळं आयुष्य मोबाइलवर गेलं त्यांना सांगायला हवं. पूर्वी कोणी गेलं की ते कळवायच्या पत्राचा कोपरा फाडत. तसं पत्र आलं की न वाचताच कळायचं. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, वाचून लगेच फाडायचं आणि आंघोळ करायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी आमच्या दारात असं पत्र आल्यावर मी स्वतः रडले होते, कोण गेलं ते माहीत नसताना. शिवाय शाळेत मुलांना 'आपले टपाल' हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवला. पण त्या दिवशी हातात कात्री होती, आणि कात्री हातात असली की माझं डोकं सुट्टीवर जातं.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, पण क्रमाने सांगते.

गुरुवारी सकाळी मुकुटबनला पोस्टमन आला. ओट्यावर ताईची सासू बसलेली. तिने पाकीट पाहिलं आणि हात मागे घेतला. "कोठून आलं रे?" पोस्टमन म्हणाला, "घाटंजीहून." झालं. म्हातारीला वाचता येत नाही, पण कोपरा वाचता येतो. ताईला हाक मारायच्या आधीच तिने रिवाजाप्रमाणे त्याचे उभे-आडवे तुकडे केले, नालीत टाकले, आणि मग हाक मारली, "सूनबाई, चूल इझव. तुही बहीण गेली."

माझ्या आठ दिवसांच्या कामाचा निकाल असा लागला. पत्ता माझ्याच अक्षरात होता. मेलेली बाई स्वतःच्या मरणाचं पत्र कसं लिहील, हे विचारायला तो कोणी पाहिलाच नाही.

ताईने तरीही ह्यांना फोन केला. हे तेव्हा आमच्या आठवडी बाजारात, भोंग्यावर कांदे विकणाऱ्याच्या शेजारी उभे होते. अडीच वर्षांनी ताईचं नाव फोनवर पाहून त्यांना इतका आनंद झाला की पिशवी खालीच ठेवली. संभाषण त्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. आजही कोणी पाहुणा आला की ते म्हणून दाखवतात.

ताई रडत म्हणाली, "भाऊजी, खरं हाय का हो?"

ह्यांना वाटलं, कार्ड पाहून रडते आहे. हे म्हणाले, "खरं हाय ताई. भेटलं का तुम्हाले?"

"आत्ताच भेटलं. मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तिनंच सांगू नका म्हटलं. आठ दिवस सारखं तुमचंच नाव घेत होती."

"लय तरास झाला का तिले?"

"झाला ना. मान धरली, डोळे गेले. पण उरकलं एकदाचं. आता एकदम शांत हाय."

यावर ताईने जो हंबरडा फोडला, त्याने ह्यांचंही अंतःकरण भरून आलं. कांद्याजवळ उभं राहून तेही रडायला लागले आणि म्हणाले, "ताई, रडू नका. जे झालं ते झालं. संपलं आता सगळं. तुम्ही फक्त या."

हे घरी आले ते उड्या मारतच. "ताईचा फोन आलता! धाय मोकलून रडून राह्यलती. तुह्यं कार्ड लागू पडलं! येऊन राह्यली ती!" मी लगेच पदर खोचला. आणि जी कामाला लागले! ताईला आवडतो म्हणून भातात डाळीचे गोळे वाफवून गोळाभात टाकला. दारात रांगोळी काढली. ठेवणीतली जांभळी साडी नेसले, गजरा माळला, ओवाळायचं ताट तयार केलं. ह्यांना पेढे आणायला पिटाळलं.

दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. मी शेजारणीला खिडकीतून विचारलं, "कोण गेलं वं?" ती म्हणाली, "मले काय मालूम?" आवाज जवळ जवळ आला. "माह्ये बाई वं, मले टाकून कशी गेली वं!" आवाज ओळखीचा होता. मला वाटलं, ताईच्या घरी काहीतरी झालं. मी ताट घेऊन तशीच दारात आले.

समोर ताई. केस ओले, साडी धुवट, दोन्ही बाजूंनी धरायला शेजारच्या दोन बायका. पांढरकवड्याला बस बदलून आल्या होत्या आणि बसस्थानकापासून रडतच आल्या होत्या. ताईला मी दिसलेच नाही, कारण नेमके मागून पेढ्यांचा पुडा घेऊन आमचे हे आले. तिने त्यांचा सदराच धरला. "माह्या बहिणीले माह्याशिवाय जाळलं? तोंडही पाहू नाही देल्लं? अन् पेढे वाटून राह्यले?" ह्यांनी पुडा पाठीमागे लपवला.

मी म्हटलं, "ताई, काय झालं वं?"

दोघींपैकी एक बाई किंचाळून रांगोळीत बसली. ताई वळली. गजरा, जांभळी साडी, हातातल्या ताटात पेटलेलं निरांजन. तिने मला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. मग पुढे येऊन माझ्या हातातलं ताट घेतलं, नीट ओट्यावर ठेवलं, दिवा विझणार नाही असं पाहिलं, आणि माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. तो धपाटा मी चाळीस वर्षांनी खाल्ला, पण हात तोच होता.

"जित्ती हायेस तू?"

"हाव."

"मंग कोपरा कायले कापला, मेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लोणच्याच्या वाटीचं सांगायला लागले. ताईला हसू आलं, ते तिने आवरलं, मग पुन्हा एक धपाटा घातला. तोवर अर्धी गल्ली जमली होती. लोक मला पाहायला आले होते, आणि मी जिवंत दिसल्यावर काहींची थोडी निराशाही झाली असं मला वाटलं. ताईने मुकुटबनला फोन लावला. तिकडून सासू म्हणाली, "जित्ती हाय तं हाय, पण आता सगळ्याईच्या आंघोळी झाल्या."

मग आम्ही जेवायला बसलो. सोबतच्या दोघी तर सकाळपासून उपाशी होत्या, त्या मान वर न करता गोळाभात जेवत होत्या. ताई चिवडत होती. मधेच ती म्हणाली, "बसमध्ये खिडकीपाशी बसलती मी. म्हटलं, बाई, माह्यंच चुकलं. पोट्टा रेतीवरून पडला, मी तुह्यावर आळ घेतला. सगळं बोलली. हात जोडले."

मी म्हटलं, "मग आता म्हण ना तोंडावर."

"आता काहून म्हणू? आता तं तू जित्ती हायेस."

मला हसायला येईना.  मी मेल्यावरच तिला ते म्हणता आलं होतं, आणि मलाही ते लिहायला आठ दिवसांचा आणि टिकल्यांच्या तुळशीचा आडोसा लागला होता.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय लिहिलतं वं त्यात? बुढीनं वाचूच नाही देल्लं."

मी ताटाकडे पाहून म्हटलं, "ताई, चुकलं माह्यं. बोल."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं माह्यं म्हटलं."

ताईने भातावर फोडणीचं तेल ओतून घेतलं, पहिला मोठा घास घेतला आणि सोबतच्या दोघींकडे बोट दाखवलं. "मोठ्यानं म्हण. यायनं माह्यासोबत रडत इथवर आणलं मले, यायले तरी कळू दे."

मी मोठ्याने म्हटलं.