बिब्ब्याचा थेंब

माझ्या डाव्या डोळ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ होती. लग्न तोंडावर आलं तशी ती मला भोपळ्याएवढी दिसायला लागली. परभणीला जाऊन ती डॉक्टरांकडून जाळून घ्यायची मला भीती वाटायची, आणि मोबाईलवर तर जो तो सांगत होता, केमिकल नको, झाडपाल्याचंच बरं. लग्नासाठी मानवतहून आलेल्या आत्यानं माझं हे पुराण ऐकलं आणि पिशवीतून बिब्बा काढला.

"तुज्या बापाच्या टाचंच्या भेगा ह्यानंच भरल्या मी. लय गुणाचा हाय. घाबरायलीस काय?"

तिनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला. काळं तेल चरचरत सुईच्या टोकावर आलं. टाचेचं औषध गालाला चालतं का, हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. चटका बसला तशी मी दचकले आणि हातानं डोळाच चोळला.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडेना. अर्धं तोंड सुजून पाण्याच्या फोडांनी भरलं होतं. घरात एकच ओरड झाली, बिब्बा उतला! आई खोबरं उगाळायला धावली. वडिलांनी मला रिक्षात घातलं, आणि आत्या न विचारताच शेजारी येऊन बसली. लग्नाचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नाही. डोळा गेला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "झाडाचं आहे म्हणून ते गरीब असतं, असं कुणी सांगितलं? विषसुद्धा झाडालाच येतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेल बुबुळापर्यंत गेलंय का, ते सूज उतरल्यावरच कळेल."

आईनं देव पाण्यात घातले. आत्या जेवेना. पायाशी बसून नुसते माझे पाय दाबायची. मला तिचा संताप यायचा, आणि ती उठली की जीव घाबरा व्हायचा. फोड वाळले, चामखीळ मात्र जागची हलली नाही.

शेवटी दवाखान्यात बाईंनी माझा उजवा डोळा तळहातानं झाकला. "काय दिसतंय?"

आधी नुसता उजेड दिसला. मग दार दिसलं, दारात हिरवं लुगडं, आणि तोंडात कोंबलेला पदर.

"आत्या रडायलीय," मी म्हणाले.